उत्तर तालुक्यातलं, अट जिल्ह्याची

वेबपानाच्या एका भागापुरता शोध कसा चालतो आणि कुठे फसतो

नागपूरच्या मराठी दैनिकांत जमिनीच्या व्यवहाराच्या जाहीर सूचना छापून येतात. त्यांचा साचा ठरलेला असतो: मौजा अमुक, प.ह.नं. अमुक, खसरा क्रमांक अमुक, तहसील हिंगणा, जिल्हा नागपूर. जमिनीचा तुकडा एकच, पण तो सांगायला एवढी साखळी लागते. नुसतं ‘खसरा क्रमांक ४५’ म्हटलं तर काहीच कळत नाही, कारण हे क्रमांक मौजापुरते असतात. डिगडोहमध्ये ४५ असेल, तसा वानाडोंगरीतही असू शकतो. मौजाचं नाव सांगूनही पुरत नाही. हिंगण्याला लागून रायपूर आहे आणि छत्तीसगडची राजधानीही रायपूरच. म्हणून क्रमांकाला मौजा, मौजाला तहसील आणि तहसिलीला जिल्हा जोडावा लागतो. महाभूलेखवर सातबारा पाहतानाही वाट हीच असते. आधी विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी क्रमांक. प्रत्येक पायरीला पुढचा शोध आधी निवडलेल्या हद्दीतच होतो, असं आपण गृहीत धरतो.

वेबपानं बनवणाऱ्यांना अशा हद्दी रोज आखाव्या लागतात. एका पानावर ‘नाव’, ‘बटण’, ‘यादी’ अशी खूण असलेले शेकडो भाग असतात आणि त्यांतला अमुक चौकोनातलाच भाग हवा असतो. त्यासाठी ब्राउझरमध्ये सोयही आहे. एखादा घटक हातात घ्यायचा आणि ‘याच्या आत शोध’ अशी आज्ञा द्यायची. पण या आज्ञेचं वागणं अनेकांच्या समजुतीपेक्षा वेगळं आहे. हद्द दोन गोष्टींना लागू शकते: एक, उत्तर कुठलं असावं, दोन, अट कुठवर वाचावी. ब्राउझरची ही आज्ञा पहिली हद्द पाळते आणि दुसरी पाळत नाही. या दोन हद्दी वेगळ्या आहेत, आणि दुसरी हवी असेल तर ती स्वतः लिहावी लागते, हे या लेखाचं म्हणणं.

घटकांची उतरंड आणि अटींची भाषा

वेबपान पडद्यावर सपाट दिसत असलं, तरी ब्राउझरच्या लेखी ते एकाच्या आत एक अशा घटकांची उतरंड असते. सगळ्यांत बाहेर अख्खं पान, त्यात मोठे विभाग, त्यांत लहान विभाग, शेवटी मजकूर, चित्रं आणि बटणं. उदाहरणासाठी एक पान कल्पूया. सर्वांत बाहेर ‘राज्य’ अशी खूण असलेला घटक, म्हणजे महाराष्ट्र. त्याच्या आत ‘जिल्हा’ अशी खूण असलेला नागपूर. नागपूर जिल्ह्यात चौदा तालुके आहेत, म्हणून त्याच्या आत ‘तालुका’ खुणेचे चौदा घटक. त्यांतल्या हिंगण्याच्या आत ‘गाव’ खुणेचे सहा घटक घेऊ: रायपूर, वानाडोंगरी, डिगडोह, गुमगाव, टाकळघाट आणि कान्होलीबारा. तालुक्यात गावं पुष्कळ आहेत, पण आपल्या कामाला सहा पुरेत. या खुणांना वेबच्या परिभाषेत ‘क्लास’ म्हणतात. खुणांची नावं देवनागरीत लिहिलेलीही ब्राउझरला चालतात. म्हणून पुढची उदाहरणं नुसती समजुतीपुरती नाहीत, खऱ्या पानातही अशी नावं देता येतात. आज्ञांची नावं मात्र रोमन लिपीतच टंकावी लागतात. इथे ती उच्चाराप्रमाणे दिली आहेत.

या उतरंडीतले हवे ते घटक वेचण्यासाठी जी अट लिहितात तिला सिलेक्टर म्हणतात. ही भाषा मुळात सजावटीसाठी जन्मली. सर्न या संशोधनसंस्थेत काम करणारे हाकोन विउम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी सीएसएसचा पहिला प्रस्ताव मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने सीएसएसची पहिली शिफारस प्रसिद्ध केली. कोणत्या घटकाला कोणता रंग आणि कोणता आकार, हे सांगायचं तर आधी ‘कोणता घटक’ हे सांगावं लागतं. ते सांगण्याचं काम सिलेक्टरचं. त्याचं व्याकरण सोपं आहे. ठिपका देऊन ‘.गाव’ लिहिलं की गाव अशी खूण असलेले सगळे घटक. दोन नावांत मोकळी जागा सोडून ‘.जिल्हा .गाव’ लिहिलं की जिल्ह्याच्या आत, कितीही खोल असलेलं गाव. मध्ये ‘>’ हे चिन्ह टाकून ‘.तालुका > .गाव’ लिहिलं की तालुक्याच्या थेट आत, एकाच पायरीवर असलेलं गाव. स्वल्पविराम दिला की ‘हे किंवा ते’.

इथे एक बारकावा पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया आहे. ‘.जिल्हा .गाव’ या सिलेक्टरमध्ये दोन नावं असली, तरी उत्तरात फक्त गावं येतात. शेवटचं नाव हे उत्तर असतं. आधीची नावं त्या उत्तरावर घातलेली अट असते. ब्राउझरही सहसा याच क्रमाने, म्हणजे उजवीकडून डावीकडे, पडताळणी करतात. आधी समोरचा घटक ‘गाव’ आहे का ते पाहायचं. असेल तर एकेक पायरी वर चढत जाऊन कुठे ‘जिल्हा’ भेटतो का ते तपासायचं. भेटला तर घटक पसंत, नाहीतर नापसंत.

‘याच्या आत शोध’ म्हटल्यावर काय घडतं

सजावटीसाठी केलेली ही भाषा पुढे प्रोग्रामरांनाही हवीहवीशी वाटली. पानातला घटक शोधायला त्यांच्याकडे पूर्वी मोजकी साधनं होती, आणि ‘जिल्ह्यातल्या तालुक्यातलं पहिलं गाव’ एवढं सांगायलाही बऱ्याच ओळी लिहाव्या लागत. सिलेक्टर थेट ब्राउझरला देऊन उत्तर मागण्याची सोय २००८-०९ च्या सुमारास रुजली. सफारी ३.१ मध्ये ती २००८ साली आली. इंटरनेट एक्सप्लोरर ८ आणि फायरफॉक्स ३.५ मध्ये २००९ साली. या सोयीच्या दोन आज्ञा आहेत. क्वेरीसिलेक्टर पहिला जुळणारा घटक देते, तर क्वेरीसिलेक्टरऑल जुळणारे सगळे. दोन्ही आज्ञा अख्ख्या पानावर चालवता येतात, तशाच कोणत्याही एका घटकावरही. घटकावर चालवल्या, की तो घटक शोधाचं मूळ ठरतो.

आता हिंगणा तालुक्याचा घटक आपल्या हातात आहे असं समजू. त्याला ‘हिंगणा’ हे नाव देऊ आणि पहिला प्रश्न विचारू:

हिंगणा.क्वेरीसिलेक्टरऑल(".गाव")

उत्तरात सहा गावं येतात. काटोलचं किंवा रामटेकचं एकही गाव येत नाही. हद्द पाळली गेली, समजूत पक्की झाली. आता दुसरा प्रश्न:

हिंगणा.क्वेरीसिलेक्टरऑल(".जिल्हा .गाव")

याचा अर्थ साधारणपणे असा लावला जातो: हिंगण्याच्या आत जिल्हा शोध, आणि त्या जिल्ह्याच्या आत गाव शोध. तालुक्याच्या पोटात जिल्हा नसतो. तेव्हा उत्तर शून्य यायला हवं. प्रत्यक्षात सहाच्या सहा गावं येतात. कारण ब्राउझर एकेका गावापाशी थांबून दोन स्वतंत्र प्रश्न विचारतो. हे गाव हिंगण्याच्या आत आहे का? आहे. या गावाच्या वर, अख्ख्या पानात कुठेही, ‘जिल्हा’ आहे का? आहे, नागपूर. दोन्ही होकारार्थी, म्हणून गाव पसंत. वर चढताना तो हिंगण्याच्या वेशीवर थांबत नाही, कारण थांब असं त्याला कोणी सांगितलेलंच नाही.

तहसील कार्यालयाच्या खिडकीवर जाऊन कोणी ‘नागपूर जिल्ह्यातली गावं सांगा’ असं म्हणालं, तर समोरचा कारकून आपल्या दप्तरातलीच गावं सांगेल, कारण त्याच्याकडे तेवढीच आहेत. पण ती सगळी नागपूर जिल्ह्यातलीच आहेत, हे तो बिनदिक्कत मान्य करेल. जिल्हा आपल्या दप्तराबाहेरचा म्हणून तो ती गावं नाकारणार नाही. ब्राउझरचं वागणं नेमकं असंच आहे. उत्तर तालुक्याच्या दप्तरातलं, अट मात्र जिल्ह्यापर्यंत वाचलेली.

हा दोष की नियम?

पहिला आक्षेप इथेच उभा राहतो. हे सगळं नियमात लिहिलेलं आहे. मग तक्रार कसली? आक्षेपात तथ्य आहे. कन्सॉर्शियमने या आज्ञांचे नियम सांगणाऱ्या सिलेक्टर्स एपीआयची पहिली पातळी २१ फेब्रुवारी २०१३ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केली, तेव्हा वागणूक हीच ठरली होती: सिलेक्टर संपूर्ण उतरंडीच्या संदर्भात जुळवायचा आणि उत्तरं तेवढी मूळ घटकाच्या आतली ठेवायची. तिचा उपयोगही आहे. समजा, पान छपाईसाठी उघडलं की सर्वांत बाहेरच्या घटकाला ‘छपाई’ अशी खूण लागते. तेव्हा हिंगण्याच्या घटकावर ‘.छपाई .गाव’ असा शोध घेतला, तर छपाईच्या वेळीच गावं मिळतात, एरवी काहीच मिळत नाही. बाहेरची परिस्थिती आतल्या शोधाला अट म्हणून लावायची, तर ही मुभा हवीच. म्हणून याला ब्राउझरचा दोष म्हणणं अन्यायाचं ठरेल.

पण नियम असणं आणि तो अपेक्षेप्रमाणे असणं, या दोन गोष्टी निराळ्या. जेक्वेरी ही लोकप्रिय प्रोग्रामसंहिता २००६ साली जॉन रेसिग यांनी आणली. तिच्यातली फाइंड ही आज्ञा घटकाच्या आत शोधताना अटही घटकाच्या आतच वाचते. हिंगण्यावर फाइंड चालवून ‘.जिल्हा .गाव’ मागितलं, तर उत्तर शून्य येतं. ब्राउझरांत नवी सोय येत होती, तेव्हा २००८ मध्येच रेसिग यांनी या फरकावर बोट ठेवलं होतं. ब्राउझरची आज्ञा वेगवान होती, म्हणून जेक्वेरीला ती वापरायची होती. पण तिचा अर्थ पटत नव्हता. तेव्हा एक युक्ती काढली गेली. शोधाआधी मूळ घटकाला एक तात्पुरती, पानात दुसरीकडे कुठेही नसलेली ओळख, म्हणजे आयडी, चिकटवायची. ती सिलेक्टरच्या आरंभी जोडायची. शोध झाला की ती काढून टाकायची. अशाने अट त्या घटकापासूनच सुरू होते. युक्ती कामाची होती, पण शोधण्यासारख्या निरुपद्रवी कामासाठी पानात बदल करावा लागत होता. पानातल्या बदलांवर पाळत ठेवणारा एखादा प्रोग्राम असेल, तर त्याला हा बदलही दिसतो आणि तो विनाकारण जागा होतो.

या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. हजारो प्रोग्रामर ज्या संहितेवर विसंबून होते, तिच्या कर्त्यांनी ब्राउझरचा नियम वाकवून घेतला, कारण वापरणाऱ्याच्या मनातला अर्थ दुसरा होता. प्रमाणक ठरवणाऱ्यांनाही हे मान्य होतं. सिलेक्टर्स एपीआयच्या दुसऱ्या पातळीच्या मसुद्यात फाइंड आणि फाइंडऑल या नावांच्या नव्या आज्ञा सुचवल्या गेल्या. त्या अट घटकाच्या आतूनच वाचणार होत्या. त्या ब्राउझरांपर्यंत पोहोचल्या नाहीत. जुन्या आज्ञेचा अर्थ बदलणंही शक्य नव्हतं, कारण तिच्यावर उभी असलेली पानं मोडली असती. उरला तिसरा मार्ग: आज्ञा तीच ठेवायची आणि सिलेक्टरच्या भाषेतच ‘मूळ घटक’ म्हणायची सोय करायची.

स्कोप: अटीची वेस

ही सोय म्हणजे ‘:स्कोप’. सुरुवातीला विसर्गासारखी दिसणारी दोन टिंबं आणि पुढे हा शब्द. सिलेक्टर्सच्या चौथ्या पातळीत तिची व्याख्या आहे, आणि आज वापरात असलेले सगळे प्रमुख ब्राउझर ती ओळखतात. घटकावर शोध चालवला असेल, तर ‘:स्कोप’ म्हणजे तोच घटक. अख्ख्या पानावर चालवला असेल, तर ‘:स्कोप’ म्हणजे पानाचा सर्वांत बाहेरचा घटक. आता मघाचाच प्रश्न असा विचारू:

हिंगणा.क्वेरीसिलेक्टरऑल(":स्कोप .जिल्हा .गाव")

अटीचा अर्थ झाला: गाव असं, की ज्याच्या वर जिल्हा आहे आणि त्या जिल्ह्याच्या वर हिंगणा आहे. असा जिल्हा नाहीच, म्हणून उत्तर शून्य. वर चढणाऱ्या ब्राउझरला वेस कुठे आहे ते आता सांगितलं गेलं.

स्कोपचा दुसरा फायदा रोजच्या कामात जास्त जाणवतो. आपल्या पानात जिल्हा, तालुका आणि गाव या प्रत्येकाच्या आत ‘नाव’ अशी खूण असलेली एक ओळ आहे असं धरू. हिंगणा तालुक्याचं स्वतःचं नाव हवं असेल आणि नुसतं ‘.नाव’ शोधलं, तर पानात जे नाव आधी येतं ते मिळतं. तालुक्याची ओळ वर असेल तर ‘हिंगणा’ मिळेल; पानाची रचना बदलून ती गावांच्या यादीखाली गेली, तर ‘रायपूर’ मिळेल आणि प्रोग्राम काही तक्रार न करता चुकीचं नाव दाखवत राहील. ‘> .नाव’ असं लिहून थेट आतलं नाव मागावं, तर ब्राउझर ते व्याकरणाची चूक म्हणून नाकारतो, कारण ‘>’च्या डाव्या बाजूला काहीच नाही. ‘:स्कोप > .नाव’ लिहिलं की डावी बाजू भरते आणि तालुक्याचंच नाव मिळतं, ते वर असो की खाली.

दोन गोष्टी मात्र स्कोपनेही बदलत नाहीत. पहिली, मूळ घटक स्वतः कधीच उत्तरात येत नाही. हिंगण्यावर नुसतं ‘:स्कोप’ शोधलं तर हाती काहीच लागत नाही, कारण उत्तर घटकाच्या आतलंच हवं, ही पहिली हद्द कायम आहे. दुसरी, हिंगण्याला मूळ धरून शेजारचा तालुका मागितला, तरी तोही मिळत नाही. अट जुळली तरी उत्तर हद्दीबाहेरचं पडतं. दोन हद्दी स्वतंत्रपणे काम करतात याचा हा सरळ पुरावा. आणि एक सावधगिरी: स्वल्पविरामाने जोडलेल्या सिलेक्टरमध्ये प्रत्येक तुकड्याच्या आरंभी स्कोप लिहावा लागतो. ‘:स्कोप > .नाव, .जिल्हा .गाव’ असं लिहिलं, तर स्कोपचा बंध पहिल्या तुकड्यालाच लागतो. दुसरा तुकडा पूर्वीसारखाच वरपर्यंत वाचला जातो.

‘आमचं पान लहान आहे’

दुसरा आक्षेप व्यवहारातला आहे. पान आपलंच, रचना आपल्याला माहीत, वर काय आहे तेही ठाऊक. मग प्रत्येक वेळी स्कोपचा सोपस्कार का? याला उत्तर एका साध्या प्रयोगात आहे. हिंगण्याचा घटक प्रोग्रामने नुकताच तयार केला आहे, पण अजून पानात बसवलेला नाही, असं समजा. अशा सुट्या घटकाच्या वर काहीच नसतं; तोच आपल्या उतरंडीचा माथा असतो. या अवस्थेत ‘.जिल्हा .गाव’ शोधलं तर उत्तर शून्य. मग तो घटक पानात, नागपूरच्या आत, बसवा आणि तीच ओळ पुन्हा चालवा: उत्तर सहा. घटक बदलला नाही, ओळ बदलली नाही, आतलं एक अक्षरही बदललं नाही. बदलली फक्त आजूबाजूची जागा. स्कोप लिहिला असता तर दोन्ही वेळा उत्तर शून्यच आलं असतं.

आजची पानं याच पद्धतीने घडतात, म्हणून या प्रयोगाला वजन आहे. लहान लहान तुकडे स्वतंत्रपणे बनवायचे, सुटे तपासायचे आणि मग पानात हव्या त्या ठिकाणी बसवायचे. सुट्या तपासणीत बरोबर चाललेला तुकडा पानात बसल्यावर चुकू लागला, तर दोष शोधायला माणूस तुकड्याच्या आत पाहतो; कारण मात्र बाहेर असतं. आजचं लहान पान उद्या दुसऱ्या मोठ्या पानाच्या आत बसवलं जाऊ शकतं, आणि तेव्हा वर कोणत्या खुणा असतील हे आज कोणालाही सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप नावांबद्दलचा आहे. खुणांची नावंच अशी द्यावीत की त्यांची कुठे गल्लत होणार नाही. मग हद्द आखायची गरजच उरत नाही. यांडेक्स या रशियन कंपनीत घडलेली बेम ही नावं देण्याची पद्धत याच विचाराची आहे, आणि वेगवेगळे तुकडे एकमेकांत मिसळू नयेत यासाठी ती उपयोगी पडते. पण एखाद्या तुकड्याच्या आत तोच तुकडा पुन्हा आला, की नावं कामाला येत नाहीत. गावांच्या यादीत एका गावाखाली त्याच्या टोल्यांची यादी आली, तर दोन्ही याद्यांची खूण ‘यादी’ आणि दोन्हींतल्या ओळींची खूण ‘नोंद’. आतल्या यादीतल्या नोंदी मिळाव्यात म्हणून बाहेरच्या यादीवर ‘.यादी .नोंद’ असा शोध घेतला, तर सगळ्याच नोंदी मिळतात, बाहेरच्यासुद्धा. कारण बाहेरच्या नोंदींच्या वरही एक ‘यादी’ आहेच, आणि ती म्हणजे मूळ घटक. ‘:स्कोप .यादी .नोंद’ लिहिलं की फक्त आतल्या मिळतात. नाव कितीही विचारपूर्वक ठेवलं, तरी ही अडचण नावाने सुटत नाही.

चौथा आक्षेप वेगाचा. घटकापुरता शोध घेतला की पाहावे लागणारे घटक कमी होतात, हे खरं. पण साध्या पानांत हा फरक वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. स्कोपचं समर्थन वेगावर करू नये. त्याचं खरं मोल वाचणाऱ्यासाठी आहे. ‘.छपाई .गाव’ असं लिहिलेलं पाहून पुढच्या माणसाला कळत नाही, की लिहिणाऱ्याला बाहेरची अट मुद्दाम हवी होती की नियम माहीत नव्हता. स्कोप लिहिला की हेतू स्पष्ट होतो, आणि न लिहिणंसुद्धा विचारपूर्वक केलं आहे असं मानता येतं.

जुन्या संहिता बदलणाऱ्यांसाठी तर हा मुद्दा जास्तच महत्त्वाचा. जेक्वेरी काढून ब्राउझरच्या मूळ आज्ञा वापरण्याचं काम अनेक ठिकाणी होतं, आणि फाइंडच्या जागी क्वेरीसिलेक्टरऑल लिहिणं हा वरवर नुसता नावाचा फेरफार वाटतो. एका पायरीच्या सिलेक्टरसाठी तो तसा आहेही. दोन पायऱ्यांचा सिलेक्टर आला, की अर्थ बदलतो आणि चूक गुपचूप आत शिरते.

सजावटीच्या नियमांतली हद्द

हद्दीचा प्रश्न शोधापुरता नाही. सजावटीच्या नियमांनाही तो पडतोच. एका भागासाठी लिहिलेला रंग दुसऱ्या भागात झिरपतो, ही जुनी तक्रार आहे. त्यावरचा नवा उपाय म्हणजे ‘@स्कोप’ हा नियम. क्रोममध्ये तो २०२३ साली आला, सफारीत २०२४ साली आणि फायरफॉक्समध्ये २०२५ च्या अखेरीस. त्यात वरची वेस सांगता येते, तशी खालचीही: ‘तालुक्यापासून सुरू, पण गावाच्या आत शिरू नये’ असा नियम लिहिता येतो. शॅडो डॉम नावाची सोय यापेक्षाही कडक आहे. तिच्यात घटकाला स्वतःची वेगळी उतरंड मिळते. बाहेरून घेतलेला साधा शोध तिच्यात शिरत नाही, आणि आतून घेतलेला शोध वर चढताना तिच्या माथ्यापाशी थांबतो. तिथे उत्तराची आणि अटीची हद्द आपोआप एकच होते.

नव्या रचनांचा कल कोणीकडे आहे, हे ‘:हॅज’ या सिलेक्टरवरूनही दिसतं. २०२२ आणि २०२३ मध्ये तो प्रमुख ब्राउझरांत आला. ‘ज्याच्या आत अमुक आहे असा घटक’ हे त्याने सांगता येतं. ‘.तालुका:हॅज(.जिल्हा .गाव)’ असं लिहिलं, तर कंसातली अट तालुक्याच्या आतूनच वाचली जाते आणि एकही तालुका जुळत नाही. कंसाच्या आरंभी नुसतं ‘>’ लिहिलेलंही चालतं. म्हणजे नवी भाषा घडवताना तिच्या कर्त्यांनी सर्वसाधारण माणसाच्या मनातला अर्थच उचलला. क्वेरीसिलेक्टरला मात्र जुन्या पानांसाठी जुना अर्थ सांभाळावा लागतो.

चौकट: थोडक्यात

• सिलेक्टरमधलं शेवटचं नाव म्हणजे उत्तर; आधीची नावं म्हणजे त्यावरची अट.
• घटकावर चालवलेली क्वेरीसिलेक्टर ही आज्ञा उत्तराला हद्द घालते, अटीला घालत नाही.
• अटीलाही हद्द हवी असेल, तर सिलेक्टरच्या आरंभी ‘:स्कोप’ लिहावा.
• थेट आतला घटक हवा असेल, तर ‘:स्कोप > .नाव’ असं लिहावं; नुसतं ‘> .नाव’ ही व्याकरणाची चूक ठरते.
• स्वल्पविरामाने जोडलेल्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र स्कोप लागतो.
• मूळ घटक स्वतः उत्तरात कधीच येत नाही.

पाळायचा नियम

यातून निघणारा नियम लहान आहे. सिलेक्टरमध्ये एकच नाव असेल आणि घटकाच्या आत कुठेही असलेलं चालणार असेल, तर स्कोपची गरज नाही. एकापेक्षा जास्त पायऱ्या असतील किंवा थेट आतलंच हवं असेल, तर घटकावर शोध घेताना स्कोप लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बाहेरची अट खरोखरच हवी असेल, तर ती तशी ठेवून शेजारी एक ओळीची टीप लिहावी, म्हणजे पुढचा माणूस ती चूक समजून ‘दुरुस्त’ करणार नाही. ब्राउझर त्याला सांगितलेली हद्द काटेकोर पाळतो. न सांगितलेली पाळणं हे त्याचं काम नाही, आणि ती सांगण्याची जबाबदारी संहिता लिहिणाऱ्याचीच आहे.